रुखमाबाईच्या बोटाची अंगठी

चामोर्शीच्या बाजाररस्त्यावर मुखरूभाऊंचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी, बंद पडलेले पंखे, खरखरणारे मिक्सर असं सगळं तिथं येतं आणि बहुतेक दुरुस्त होऊन जातं. मुखरूभाऊंची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी उर्वशी शिकली, गडचिरोलीला औषधाच्या दुकानात नोकरीला लागली, आणि घरात मुखरूभाऊ आणि त्यांचा रेडिओ एवढेच उरले.

रुखमाबाई जवळच्याच गावात अंगणवाडी सेविका. त्याही एकट्याच. नवरा तरुणपणी गेलेला, मूलबाळ नाही. अंगणवाडीचा टेबल पंखा दर उन्हाळ्यात जळायचा आणि त्या तो छातीशी धरून मुखरूभाऊंच्या दुकानात आणायच्या. पुढं पुढं पंखा हिवाळ्यातही यायला लागला. हे सगळ्यांत आधी उर्वशीच्या लक्षात आलं. एका रविवारी ती दुकानात बसली होती, तेव्हा तिनं त्या पंख्याचं बटण दाबून पाहिलं.

"बाबा, हा तं चालू आहे. मग दुरुस्तीले काऊन आला?"

"आवाज करते," मुखरूभाऊ म्हणाले.

"आवाज नाई करून राह्यला."

"म्हणजे झाला ना दुरुस्त."

उर्वशी बापाकडं बघत राहिली. बाप पेचकस शोधत राहिला, जो त्याच्या खिशातच होता. पुढच्या महिन्यात उर्वशीच रुखमाबाईंच्या भावाकडं, पत्रूभाऊंकडं, जाऊन बोलणी करून आली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पत्रूभाऊंच्या अंगणात, थोडक्या माणसांत करायचं ठरलं.

ठरल्यापासून रुखमाबाईंची एक पंचाईत झाली होती. इतकी वर्षं त्या 'मुखरूभाऊ' म्हणत आल्या होत्या. आता भाऊ म्हणता येईना आणि दुसरं काही तोंडात बसेना. मग त्या नुसतं "ऐकून राह्यले का जी" म्हणून सुरुवात करायच्या. अशीच सुरुवात करून एक दिवस त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी नवीन काही आणू नका. मी का नवीन आहो?"

मुखरूभाऊ साधा माणूस. मोटार किती वेढ्यांची आहे हे सांगितलं की तेवढेच वेढे घालणारा. त्यांनी हे वाक्य जसंच्या तसं धरलं. साडीचं जाऊ द्या, पण साक्षगंधाला अंगठी लागणारच. नवीन नको म्हणजे जुनी पाहिजे.

त्यांनी उर्वशीला फोन केला.

"जुनी म्हणजे आईची?" उर्वशीनं विचारलं.

"नाई. तुझ्या आईची तुह्यासाठी ठेवली आहे. दुसरी जुनी. ते अँटिक म्हणतात ना, तशी."

"बाबा, तुम्हाले अँटिक कळते का?"

"तीस वर्षं जुन्या मोटारी पाहून राह्यलो," मुखरूभाऊ म्हणाले.

आता माप पाहिजे होतं, आणि ते रुखमाबाईंना न सांगता. त्या दुरुस्तीला टाकलेला मिक्सर न्यायला आल्या तेव्हा मुखरूभाऊ म्हणाले, "जरा हा तार धरता का?" त्यांनी तांब्याच्या तारेचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि बोलता बोलता एक वेढा त्यांच्या बोटाच्या बुडाशी घातला. रुखमाबाई बाहेरच्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "माझं बोट का मोटारीत बसवता जी?"

मुखरूभाऊंनी वेढा पिळून पक्का केला. पण तो बोटातून निघेना, सांध्यावर अडला. शेवटी त्यांनी पीळ सोडून तार काढली आणि घरी पुन्हा त्याच खुणेवर पिळली. काम झालं, असं त्यांना वाटलं.

शनिवारी बापलेक चंद्रपूरला गेले. मुखरूभाऊंना थेट जुन्या दागिन्यांकडं जायचं होतं, पण उर्वशीनं आधी एका मोठ्या शोरूममध्ये नेलं. "पहिले नवी पाहून घ्या," ती म्हणाली. "चांगली कशी असते ते माहीत नसन तं जुनी काय पाहणार आपण?"

काउंटरवर दिव्या नावाची हसरी मुलगी होती. तिनं मखमलीचा ट्रे काढला आणि उर्वशीचं बोट मापायला हातात घेतलं. "छान नाजूक आहे. जावईबापू नाही आले का सोबत? त्यांच्याही पसंतीनं झालं असतं."

मुखरूभाऊंनी घसा साफ केला. "जावईबापू मीच आहो," ते म्हणाले.

दिव्यानं उर्वशीकडं पाहिलं.

"आणि मी करवली," उर्वशी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

दिव्या चांगली मुलगी निघाली. तिनं एक क्षण ओठ आवळले, मग पुन्हा कामाला लागली. अंगठीच्या आत हॉलमार्क कुठं असतो, त्याच्याजवळचा नंबर फोनवर टाकून कसा पडताळायचा, सोन्याचं वजन आणि खड्याचं वजन बिलावर वेगवेगळं कसं लिहून घ्यायचं, हे तिनं सगळं नीट दाखवलं. उर्वशी ऐकत होती. मुखरूभाऊ ट्रेकडं बघत होते.

"ह्या सगळ्या सारख्याच आहेत," ते म्हणाले. "एका साच्यातल्या नट-बोल्टावाणी."

"रेडिमेडमध्ये तेच बरं असतं, काका," दिव्या म्हणाली. "बोटात नाही बसली तर तशीच दुसऱ्या मापाची मिळते. मन नाही भरलं तर बदलून मिळते."

पण मुखरूभाऊंचं मन आधीच जिना चढून दुसरीकडं गेलं होतं.

तो जिना प्रणितचा. प्रणित फोनवर जुन्या दागिन्यांचं 'राजवाडी' नावाचं पान चालवायचा, ते पाहूनच मुखरूभाऊ चंद्रपूरला आले होते. त्यानं एका गल्लीत पहिल्या मजल्यावर लहानशी खोली घेतली होती. खोलीत पिवळा दिवा, लाल कापड, आणि कापडावर काळपटलेले दागिने. प्रणित पंचविशीचा, दाढी कोरलेली, बोलणं हळू. त्यानं एक अंगठी दोन बोटांत अशी उचलली की जणू ती झोपली आहे आणि जागी व्हायला नको.

"सिरोंच्याकडच्या एका जमीनदारीण बाईंची," तो म्हणाला. "दीडशे वर्षं तरी झाली असतील. गोदावरीच्या पुरात वाडा गेला, ही राहिली."

अंगठी दिसायला सुंदर होती, यात वाद नाही. मधोमध तांबडा खडा, बाजूला नक्षी, आणि नक्षीच्या खाचांत काळं पुट. मुखरूभाऊंनी खिशातून तारेचं कडं काढून त्यावर धरून पाहिली. तंतोतंत.

"बिल देसान का?" उर्वशीनं विचारलं.

"जुन्या वस्तूला बिल कुठलं, ताई?"

"नाई बसली तं परत घेसान?"

"अँटिक परत नसतं घेत. ती ज्याची असते त्याच्याकडं जाते."

"वजन?"

"हिचं वजन नाही करायचं, ताई. हिचा काळ बघायचा."

उर्वशीनं बापाकडं पाहिलं. चला, असं ती डोळ्यांनी सांगत होती. पण मुखरूभाऊंनी तेवढ्यात अंगठी आपल्या करंगळीत घालून उजेडात धरली होती. छान दिसत होती. त्यांनी ती फिरवून पाहिली, मग काढायला गेले. ती निघेना.

त्यांनी ओढली. मग थांबून, कोणाचं लक्ष नाही असं समजून, पुन्हा ओढली. करंगळी लाल झाली. मोटारींच्या तारा ओढून ओढून त्यांची बोटं गाठाळ झालेली. घालताना त्यांनी जोर लावला होता, हे आता कबूल करण्यात अर्थ नव्हता.

"तिनं ठरवलं, काका," प्रणित म्हणाला. पण त्याचा आवाज जरा बदलला होता. "जोर लावू नका. नक्षी दबेल. पाणीसाबण तर अजिबात नको, तो काळेपणा म्हणजेच तर तिची किंमत आहे."

"मग का बोट कापू?" मुखरूभाऊंनी विचारलं.

खाली गल्लीतच मन्सूरचाचांचं दागिन्यांना डाग देण्याचं, दुरुस्तीचं दुकान होतं. तिघं जिना उतरले. पुढं मुखरूभाऊ हात वर धरून, मागं उर्वशी, आणि सगळ्यांत मागं प्रणित, ज्याची नजर त्या करंगळीवरून हलत नव्हती. मन्सूरचाचा चहा पीत होते. त्यांनी हात पाहिला, अंगठी पाहिली, मग मुखरूभाऊंच्या वयाकडं पाहिलं.

"घेतली का अजून नाई?" त्यांनी विचारलं.

"नाई घेतली," उर्वशी म्हणाली.

"फिर ठीक. बैठो, भाऊ."

त्यांनी अंगठीखालून रेशमी दोरा घातला, वरच्या बाजूनं बोटावर घट्ट गुंडाळला आणि साबणाचा एक थेंब सोडला. प्रणित "चाचा, साबण..." म्हणाला, पण चाचांनी दोरा उलगडायला सुरुवात केली होती. दोरा सुटत गेला तशी अंगठी वेढ्यावर वेढे चढत वर आली आणि टपकन उर्वशीच्या ओंजळीत पडली. साबणाबरोबर आतलं काळं पुटही निघून आलं होतं. मुखरूभाऊ करंगळी चोळत बसले. उर्वशीनं अंगठी रुमालानं पुसली आणि दिव्यानं दाखवलं होतं तसं, फोनचा उजेड आत मारून, मोठं करून पाहिलं.

"इथी काही लिहून आहे," ती म्हणाली. "के. डी. एम."

मन्सूरचाचांनी चहाचा कप खाली ठेवला. "दाखव बेटा." त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाहिलं, आणि भिंग लावलेल्या डोळ्यानंच हसायला लागले. "केडीएम तं माझ्या शादीच्या वक्तीचं. तेव्हा कॅडमियमचा डाग देत होते, आणि हे अक्षरं ठोकत होते. शकिलाच्या झुमक्यायवर बी आहेत."

"म्हणजे दीडशे वर्षं?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"दीडशे वर्षं असन तं माझी शकिला जमीनदारीण झाली. घरी सांगतो, चहा तरी दुसऱ्यानं करून द्यावा लागन तिले."

प्रणित हसला नाही. तो खरोखरच पडलेल्या चेहऱ्यानं अंगठीकडं बघत होता. "मलाही असंच सांगून दिली होती," तो म्हणाला. "सोनं तरी आहे ना, चाचा?"

चाचांनी कसोटीवर घासून पाहिली. "सोनं आहे. खडा काच. चांगली अंगठी आहे, फक्त तिचं वय खोटं सांगून राह्यला तू."

प्रणित जिना चढून गेला आणि लगेच परत आला. त्याच्या हातात लाल कापडासकट सगळा ट्रे होता. "या पण बघून द्याल का?" त्यानं विचारलं. उर्वशीला हसू आवरेना, म्हणून ती बाहेर जाऊन उभी राहिली.

मुखरूभाऊ मात्र उदास झाले होते. त्यांनी खिशातलं तारेचं कडं चाचांना दाखवलं आणि म्हणाले, "आता जुनी कुठून आणू? तिनं नवीन नको म्हणून सांगतलं."

चाचांनी कडं बोटात फिरवलं. "हे माप बोटाच्या बुडाचं आहे का जोडाचं?"

"बुडाचं. जोडातून निघत नव्हतं, तं पीळ सोडून काढलं."

"मग अंगठी कशी जाईन, भाऊ? तिचा पीळ तं सुटत नाई."

मुखरूभाऊंना हे पटलं आणि आपल्याच डोक्यात हे आलं नाही याची लाजही वाटली. आता रुखमाबाईंना विचारल्याशिवाय गत नव्हती. उर्वशीनं आत येऊन फोन लावला आणि बापाच्या हातात देण्याआधी स्पीकर चालू केला.

"ऐकून राह्यले का जी," पलीकडून रुखमाबाई म्हणाल्या. "चंद्रपूरले कायले गेले?"

मुखरूभाऊंनी सगळं सांगितलं. अंगठी, जमीनदारीण, करंगळी. सांगून झाल्यावर रुखमाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या बाईच्या बोटातली अंगठी मी काऊन घालू?"

"तुम्हीच म्हणलं ना, नवीन आणू नका."

"ते तं असंच म्हणलं. ती बाई रोज माझ्या सपनात येईन आणि इचारीन, माझी अंगठी कुठी आहे म्हणून."

"ती जमीनदारीण नाईच आहे म्हणते," मुखरूभाऊ म्हणाले.

"कोणी का असेना." मग रुखमाबाईंचा आवाज उतरला. "मले वाटलं होतं, तुम्ही घरातली आणसान. उर्वशीच्या आईची. ते मले नाई आवडलं असतं. पण तोंडावर कसं म्हणू?"

दुकानात सगळेच इकडंतिकडं बघायला लागले. चाचांनी चहाचा रिकामा कप उचलून पुन्हा ठेवला.

"मग असंच काऊन म्हणलं?" मुखरूभाऊंनी हळूच विचारलं.

"लोक म्हणतीन, म्हातारपणी बाईले हौस आली."

"आली का?"

पलीकडं कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. "आली," रुखमाबाई म्हणाल्या. "आता काही घेऊ नका. मीच येते."

पुढच्या रविवारी त्या आल्या. निळी साडी, पायात नवे मोजे, खांद्याला अंगणवाडीची पिशवी. शोरूममध्ये दिव्यानं मुखरूभाऊंना ओळखलं आणि "या जावईबापू" म्हणून खुर्ची दिली. रुखमाबाईंना ते आवडलं. आपल्याला जे नाव सापडत नव्हतं ते या मुलीला किती सहज सापडलं, असं त्या नंतर उर्वशीला म्हणाल्या.

दिव्यानं पहिली अंगठी काढली, उंच कोंदणातला खडा. रुखमाबाईंनी ती घातली आणि आपला पदर तिच्यावरून ओढला. सूत अडकलं.

"ही नाई," त्या म्हणाल्या. "मी दिवसभर लेकरायचे तोंडं धुते. एखाद्याच्या गालाले ओरखडा गेला तं त्याची माय मले सोडन का?"

दुसरीवर फुलपाखरू होतं. "हे पोट्टे एका दिवसात तोडतीन." तिसरीला चारी बाजूंनी खडे होते. ती त्यांना मनापासून आवडली. त्या हात लांब करून बघत राहिल्या. तेव्हा उर्वशीनं विचारलं, "पुढं बोट सुजलं, मोठी करायची असन तं होते का?"

"ही नाही होत," दिव्यानं खरं सांगितलं. "खडे हलतात. साधा पट्टा असेल तर एखाददुसरं माप वाढतं."

रुखमाबाईंनी ती काढून ठेवली. पण ठेवताना पुन्हा एकदा पाहिलं, आणि मुखरूभाऊंनी ते पाहणं पाहिलं. "घ्या ना, आवडली तं," ते म्हणाले.

"आवडलं ते सगळं घालायचं असते का जी? पाहून झालं ना."

शेवटी एक चपटी, रुंद पट्ट्याची अंगठी निघाली. मधे बारीक लाल खडा, सोन्यातच बुडवलेला. पदर तिच्यावरून पाण्यासारखा सरकला. रुखमाबाईंनी केसांतून बोटं फिरवली, एकही केस अडकला नाही. मग पिशवीतून हातरुमाल काढून उर्वशीचा चेहरा पुसून पाहिला. उर्वशीनं पाच वर्षांच्या मुलीसारखा चेहरा पुढं केला. "लागलं का?" "नाई लागलं."

आता अडचण मापाची. सांध्यातून जाणारी अंगठी खाली येऊन गोल फिरायची आणि खडा तळहाताकडं जायचा. एक माप लहान घेतली तर सांध्यावरच थांबायची. मुखरूभाऊ पुढं झुकून दोन्ही मापं पाहत होते. "मोठीच घ्या," ते म्हणाले, "आणि आतून कशाचा तरी पॅकिंग द्या."

दिव्या म्हणाली, "तसंच करतात, काका. आतल्या बाजूनं सोन्याचे दोन बारीक दाणे बसवतात, मग ती फिरत नाही. पण आमच्याकडूनच करून घ्या. बाहेर केलं तर बदलून देता येत नाही."

"तुमच्याकडं कोण करते?" उर्वशीनं विचारलं.

"मागच्या गल्लीत मन्सूरचाचा आहेत ना, त्यांच्याकडंच जातं आमचं काम."

नंबर फोनवर पडताळला, बिल वाचून पाहिलं, आणि शोरूमचा माणूस अंगठी घेऊन मागच्या गल्लीत निघाला तेव्हा तिघंही त्याच्या मागं गेले. चाचांच्या दुकानात प्रणित स्टुलावर बसला होता, डोळ्याला भिंग लावून. रोज सकाळी येऊन शिकतो, चाचा म्हणाले. त्याच्या पानाचं नाव आता 'राजवाडी' नव्हतं, 'जुनंपुरानं सोनं' होतं, आणि प्रत्येक फोटोखाली 'वय माहीत नाही' असं लिहिलेलं होतं. विक्री वाढली, असं तो थोडा नाराजीनं म्हणाला.

दाणे बसले. रुखमाबाईंनी अंगठी घातली. सांध्यावर ती किंचित थांबली, मग खाली येऊन जागेवर बसली. त्यांनी हात झटकला. खडा वरच राहिला.

साक्षगंधाच्या दिवशी पत्रूभाऊंच्या अंगणात मांडव घातला होता. थोडके म्हणता म्हणता गावातले पन्नासेक लोक, अंगणवाडीतली निम्मी पोरं, आणि मधल्या पाटावर मुखरूभाऊ कडक इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. त्यांनी अंगठी घातली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण बाईंनी काही केलं की टाळ्या वाजवायच्या असतात.

मग पत्रूभाऊ म्हणाले, "आता नवरदेवाची अंगठी."

रुखमाबाईंनी मान हलवली. "त्यायले अंगठी नाई घेतली."

अंगणात कुजबुज झाली. पत्रूभाऊ बहिणीच्या कानाशी वाकले. "अवं, बरं दिसते का? लोक काय म्हणतीन?"

"हे दिवसभर विजेच्या करंटात हात घालते," रुखमाबाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. "बोटात सोनं घालून तार धरला, मंग? एकदा नवरा गेलेला पाहून झालं माझं. मले हा माणूस पाह्यजे."

कुजबुज थांबली. त्यांनी घरातून परडी आणली. परडीत सुपारी होती, हळदकुंकू होतं, अक्षता होत्या, आणि त्यांच्या मधोमध, रबराच्या जाड तळव्याच्या चपलांचा जोड होता. त्यांनी चपलांना आधी कुंकू लावलं, मग मुखरूभाऊंपुढं ठेवल्या.

मुखरूभाऊ चपलांकडं बघत राहिले. मग पाटावरून उठले आणि तिथंच, मांडवात, सगळ्यांसमोर त्यांनी चपला घातल्या. एक पाय उचलून तळवा पाहिला, अंगठ्यानं दाबला.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "कसं घेतलं?"

"दुकानात ओल्या पायानं फिरता ना," रुखमाबाई म्हणाल्या. "फरशीवर उमटते."

मोठ्यांच्या पाया पडायची वेळ आली तेव्हा चपला काढाव्या लागणार होत्या. मुखरूभाऊंनी त्या काढल्या, बाजूला नीट लावल्या, आणि उर्वशीला म्हणाले, "यायच्याकडं लक्ष ठेव बरं."